हजेरी

आठवी ब. फळ्यावर वाटाण्याची झाडं,
उंच, बुटकं, उंच, उंच.
मागच्या बाकावरून सुयोग उठला:
"बाई, आमचं आजोबा म्हणत्यात
चोरी काही लोकांच्या रक्तातच असती.
त्येचं पण असं झाड काढता येतंय का?"

वर्ग हसला.
माझ्या हातातला खडू मोडला.

त्याला माहीत नाही. शाळेत कुणालाच नाही.
ऑफिसच्या कपाटात माझा जातीचा दाखला आहे
आणि किल्ली कुंभोजकर क्लार्ककडे,
म्हणजे माहीत असेलही.

पणजोबा लखमल, त्यांचा पाठचा भाऊ सुरमल.
एका आईचं दूध, एक पाल,
तितर धरायचे फासे दोघांनी एकाच बोटांनी विणलेले.
एका उन्हाळ्यात लखमल वारणा ओलांडून
कोल्हापूरच्या हद्दीत आला.
सुरमल पलीकडेच राहिला.
कुणी म्हणतं, बायको बाळंत होती.
कुणी म्हणतं, बैल हरवला म्हणून थांबला.

अलीकडे संस्थान. हजेरी उठलेली.
लखमलला चित्तेखान्यात काम मिळालं,
चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची, घालायची,
आणि महिन्याला पगार.
कागदावर आमच्या घराण्याचं नाव
पहिल्यांदा असं आलं
की त्याच्या पुढे गुन्ह्याचं कलम नव्हतं.

पलीकडे इंग्रजांचा मुलूख.
सुरमलची रोज रात्री चावडीवर हजेरी,
पुढे सोलापूरला तारेच्या आत.
गिरणीची पाळी, पाळीवरून परत तार.
पोरं तारेत जन्मली.
चित्त्यालाही साखळी होती म्हणा,
पण त्याच्या पिल्लांना कुणी जन्माआधी चोर ठरवलं नव्हतं.

लखमलचा मुलगा बोर्डिंगात राहून चौथी शिकला.
माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात फिटर.
मी बी.एस्सी., बी.एड.
सुरमलचा मुलगा संशयावरून आत,
नातू संशयावरून आत.
पणतू रेवण माझ्याच वयाचा,
मागच्या गणपतीत घरी आला होता.
उंच, डोळे थेट माझ्या वडिलांचे.
बोकडाचं वजन नजरेनं सांगतो,
किलोमागचा भाव तोंडी लावतो,
मी मोबाइल काढेपर्यंत त्याचं उत्तर आलेलं असतं.
शिरोलीच्या नाक्यावर त्याला थांबवलं.
आडनाव विचारलं, गाव विचारलं, डिकी उघडायला लावली.
"सवय हाय, ताई," म्हणाला, आणि भजी संपवली.

मला कुणी थांबवत नाही.
"काळे म्हणजे कुठले?" विचारलं तर
"इथलेच" म्हणते. खोटं नाही ते.
पुरं खरंही नाही.

मी हुशार नव्हते असं नाही.
चिमणीच्या उजेडात वाचलं, पहाटे उठले,
सत्काराच्या भाषणात तेच सांगते:
जिद्द, कष्ट, आईवडिलांची पुण्याई.
नदीचं सांगत नाही.
हरवलेल्या बैलाचं तर नाहीच.

"बाई?" सुयोग उभाच होता.

झाड पुसलं नाही. त्याच्या शेजारी
एक वाकडी रेघ ओढली. "ही नदी."
दोन काठांना दोन वाटाणे काढले,
एकाच शेंगेतले.
"या काठाला पाणी आहे, खत आहे.
त्या काठाला वर दगड ठेवलाय.
सांगा, कुठला वाटाणा बुटका?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग पहिल्या बाकावरची निलोफर म्हणाली,
"पण बाई, दगड कुणी ठेवला?"
आणि सुयोग: "हे परीक्षेत येतंय का?"

"नाही," मी म्हटलं, दोघांनाही,
आणि एकीला दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

घंटेला चार मिनिटं उरली होती,
तेव्हा ध्यानात आलं, आज हजेरी घ्यायची राहिली.
मस्टर उघडलं. नावं वाचत गेले.
हजर, बाई.
हजर.
कुणी खिडकीबाहेर बघत, कुणी डबा उघडत,
हजर,
किती सहज म्हणतात पोरं.